कचरू लाईनमनने शोधलेला फॉल्ट

अमडापुरात कचरू लाईनमनचं घर कुठलं म्हणून विचारा, कोणीही हात करून दाखवील. नोकरीतून मोकळं होऊन सहा वर्षं झाली, तरी नावाला चिकटलेलं लाईनमन काही सुटलं नाही. चौतीस वर्षं कचरूभाऊ खांबांवर चढले. पण त्यांचं नाव झालं ते चढण्यामुळे नाही, चालण्यामुळे. लाईट गेली की बाकीचे लाईनमन आधी शिडी लावायचे. कचरूभाऊ आधी लाईन चालायचे. डीपीपासून निघायचे, हात पाठीमागे बांधून, नजर वर तारेवर ठेवून, शेवटच्या खांबापर्यंत. कुठे तारेला झोळ पडला, कुठे फांदी टेकली, कुठे खांबावरची चिनीमातीची चिमणी फुटली, हे चालता चालताच कळायचं. मग खिशातली डायरी काढून तारीख, वेळ, खांब नंबर आणि कारण लिहायचे आणि मगच शिडी मागायचे. नव्याने आलेले इंजिनिअर साहेबसुद्धा म्हणायचे, कचरूभाऊंना आधी विचारा.

त्यांना चीड होती ती फक्त आकड्याची. रात्री तारेवर आकडा टाकायचा, चोरून मोटर चालवायची आणि पहाटे काढून ठेवायचा, हे त्यांना सहन होत नसे. आकडा काढायची त्यांची रीतही ठरलेली होती. ते कधी चुपचाप काढत नसत. दिवसाढवळ्या, चार माणसं जमलेली असताना काढायचे आणि ज्याचा आकडा त्याचं नाव मोठ्याने घ्यायचे. तो गरीब असो की गावचा मोठा माणूस. नारायणराव देशमुखांच्या मळ्यातला आकडा त्यांनी भर बाजाराच्या दिवशी काढला होता आणि वेशीत उभं राहून नाव घेतलं होतं. बौद्धवाड्यातला पोरगा देशमुखांचं नाव घेतो म्हणून गाव महिनाभर बोलत होतं. चारचौघात एकदा नाव घेतलं की माणूस पुन्हा आकडा टाकत नाही, असं कचरूभाऊ सांगत. त्यात खोटं काही नव्हतं. चौतीस वर्षांत त्यांनी घेतलेलं एकही नाव चुकीचं ठरलं नव्हतं.

निवृत्तीनंतर तिसऱ्या वर्षी त्यांच्या बायकोची, सिंधूताईंची दृष्टी गेली. काचबिंदू होता, कळायला उशीर झाला. एका डोळ्याला उजेड-अंधार एवढंच कळायचं, तेवढं तरी राहावं म्हणून सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायचे. सिंधूताई मागच्या खोलीत बाजेवर बसून असायच्या. मुलगा अश्वजित पुण्यात कंपनीत. यंदा दिवाळीच्या सुट्टीत तो आला तो खोक्यात तीन स्पीकर घेऊन. लोट्याएवढे, गोल, वायर फक्त लाईटची. एक बैठकीत, एक स्वयंपाकघरात, एक आईच्या बाजेशेजारी. बैठकीत इंटरनेटचं खोकं बसवलं आणि आईला शिकवलं, की याला आवाज द्यायचा आणि जे पाहिजे ते मागायचं. सिंधूताई पहिल्या दिवशी लाजल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी वेळ विचारली. आठवड्याभरात संध्याकाळची वंदना, जयंतीत वाजतात ती गाणी, जिल्ह्याच्या बातम्या, चिखलीच्या बाजारातले भाव, सगळं त्या मागवू लागल्या. कचरूभाऊ बैठकीतून ऐकायचे. तीन वर्षांत बायको इतकी बोललेली त्यांनी ऐकली नव्हती.

त्यांच्या भिंतीला भिंत लावून सरवरीभाभींचं घर. सरवरीभाभी विधवा. मुलगा फहीम जालन्याला लोखंडाच्या कारखान्यात आणि सून गुलनाज घरी. गुलनाज बारावीनंतर नर्सिंगचा कोर्स केलेली पोरगी. सिंधूताईंच्या डोळ्यात थेंब टाकायला ती दोन्ही वेळा यायची, कारण कचरूभाऊंचा हात थरथरायचा आणि थेंब गालावर पडायचा. आरोग्य सेविकेची भरती निघाली तेव्हा तिने परीक्षेला बसायचं ठरवलं. सरवरीभाभी महत्प्रयासाने तयार झाल्या होत्या. क्लास मोबाईलवर होता, संध्याकाळी सहा ते साडेसात. त्यांच्या घरात मोबाईलची रेंज नीट यायची नाही. म्हणून कचरूभाऊंनीच एका कागदावर आपल्या घरच्या वायफायचा पासवर्ड लिहून दिला आणि बजावलं, की हा फक्त तुझ्यापुरता. तिने कागद पुस्तकात ठेवला.

त्याच आठवड्यात घरात कापूस आला.

चार एकर शेत कचरूभाऊंनी बटईने दिलं होतं. त्यांच्या वाट्याचा कापूस मधल्या खोलीत पडला. त्या साली सगळ्या गावाच्या घरात कापूस होता. आदल्या साली भाव चांगला चढला होता, म्हणून यंदा कोणी विकायला तयार नव्हतं, आणि भाव रोज खाली जात होता. वीस वर्षांपूर्वी बीटी बियाणं आलं तेव्हा आता बोंडअळीचं नावही राहणार नाही म्हणून कंपनीवाले गाडीवर भोंगे लावून सांगून गेले होते. पुढे गुलाबी अळी आली ती बोंडाच्या आत बसलेली, वरून दिसायचीही नाही. यंदाही निम्मा माल कवडीचा, अळीने पोखरलेल्या बोंडांचा, निघाला होता आणि तो घरात साठवल्यावर त्यातून बारीक किडे आणि कुसं उडू लागली. बायकांच्या हातापायांवर पुरळ उठलं. डॉक्टरांकडे खाजेची रांग लागली. सिंधूताईंना तर काही दिसत नसल्यामुळे त्या खाजवत सुटायच्या, दंडावर रक्त निघायचं.

कचरूभाऊंनी मग गोठ्याचे उरलेले टिनपत्रे काढले. त्यांचं घर लांबट, खोलीमागे खोली. आधी बैठक, मग ही मधली खोली, मग स्वयंपाकघर, शेवटी सिंधूताईंची खोली. आतल्या भिंती छतापर्यंत गेलेल्या नव्हत्या, वर दोन-अडीच हात मोकळं होतं, आणि तिथूनच कुसं पलीकडे जायची. त्यांनी मधल्या खोलीच्या दोन्ही बाजूंनी वरची मोकळी जागा पत्र्याने बंद केली, दोन्ही दारांना लोटल्यावर आपोआप लागणाऱ्या पत्र्याच्या फळ्या केल्या. पत्र्यावर पत्रा चार बोटं चढवून, मधली फट रबराने भरून. काम इतकं नेटकं झालं, की गिरणीवाले भाऊराव पाहायला आले. सिंधूताईंची खाज आठ दिवसांत निम्म्यावर आली.

आणि स्पीकर बिघडले.

सिंधूताईंच्या बाजेजवळचा स्पीकर गाणं सुरू करायचा आणि मध्येच गप्प व्हायचा. आवाज दिला, की थोडा वेळ घेऊन म्हणायचा, इंटरनेट सापडत नाही. स्वयंपाकघरातला कधी चालायचा, कधी नाही. बैठकीतला मात्र ठणठणीत. अश्वजितने फोनवरून सांगितलेलं सगळं करून झालं. खोकं बंद करून चालू केलं, स्पीकर काढून पुन्हा जोडले. कचरूभाऊंनी नवी डायरी उघडली. कोणता स्पीकर, किती वाजता, किती वेळ बंद. दहा दिवसांच्या नोंदी झाल्या तेव्हा ते चष्मा लावून बसले आणि त्यांना जे दिसलं ते त्यांनी चौतीस वर्षांत शंभरदा पाहिलेलं होतं.

डीपीजवळ व्होल्टेज पूर्ण, मध्ये कमी, शेवटच्या खांबाला काहीच नाही. आणि बिघाडाची वेळ संध्याकाळची, सहा ते आठ. याचा अर्थ त्यांच्या धंद्यात एकच होता. मध्ये कोणीतरी लोड खात होतं. अन् संध्याकाळी सहा वाजता त्या लाईनवर कोण असतं, हे त्यांना माहीत होतं. एका मोबाईलने एवढी ओढ होत नाही, असं त्यांनी मनाशी धरलं. म्हणजे पोरीने पासवर्ड गल्लीत वाटला.

अश्वजितला विचारायला हवं होतं. गुलनाजला घरात बोलावून विचारता आलं असतं. सिंधूताईंनी तर साफ सांगितलं, की ती पोरगी असं करणार नाही. पण कचरूभाऊंना रीत एकच ठाऊक होती.

अमडापुरात त्या गल्लीचा नळ आठ दिवसांतून एकदा यायचा. नळाच्या दिवशी सगळी गल्ली बाहेर असते, हंडे, ड्रम, पाईप घेऊन. त्या सकाळी गुलनाज पाईप धरून उभी होती, सरवरीभाभी ड्रमपाशी. कचरूभाऊ मध्ये येऊन उभे राहिले आणि देशमुखांचं नाव घेतलं होतं त्याच आवाजात बोलले.

"गुलनाज, माह्या लाईनवर आकडा टाकला तुवा. तुले एकटीले पासवर्ड देल्ला होता, तू गल्लीले वाटला."

पोरीच्या हातातला पाईप खाली पडला. पाणी रस्त्यावर वाहू लागलं.

"चाचा, मी कोणाले नाही देल्ला. तुमचा कागद अजून माह्या पुस्तकात हाय."

"आकडा टाकणारा बी असंच म्हणते."

कोणीतरी हसलं. भाऊराव गिरणीवाले म्हणाले, "लाईनमन, आता हवेतले बी आकडे काढून राह्यले का?" त्यावर आणखी लोक हसले. गुलनाजने पडलेला पाईप उचलून ड्रममध्ये टाकला. सरवरीभाभींनी तिच्याकडे पाहिलं, ड्रम अर्धा भरलेला तसाच सोडला आणि तिला हाताला धरून घरात नेलं.

घरी येऊन कचरूभाऊंनी पासवर्ड बदलला आणि डायरीत तारीख टाकून लिहिलं, लोड काढला.

त्या संध्याकाळी सहा वाजता मागच्या खोलीतल्या स्पीकरने अर्धं गाणं म्हटलं आणि तो गप्प झाला.

कचरूभाऊ बैठकीत बसले होते. त्यांनी ऐकलं. सिंधूताईंनी पुन्हा आवाज दिला, स्पीकर म्हणाला इंटरनेट सापडत नाही.  थोड्या वेळाने बाहेरच्या दाराची कडी वाजली. गुलनाज थेंब टाकायला आली होती. नेहमी ती बैठकीत थांबून चाचा, चहा झाला का विचारायची. आज मान खाली घालून सरळ आत गेली, थेंब टाकले आणि आली तशी निघून गेली. कचरूभाऊंनी पेपर तोंडासमोर धरला होता. तो उलटा आहे, हे त्यांना ती गेल्यावर दिसलं.

पुढचे चार दिवस त्यांनी कसे काढले ते त्यांनाच ठाऊक. त्या वेळी त्यांना कळलं होतं, की आपण चुकलो. नेमकं कुठे ते कळलं नव्हतं, पण पोरीचा यात हात नाही एवढं पहिल्याच संध्याकाळी उघड झालं होतं. अश्वजितचा फोन आला तर ते सांगायचे, आता बरं चालतं. भाऊराव भेटले आणि आकडा निघाला का म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी हाव म्हणून होकार दिला. हा हाव त्यांना रात्रंदिवस टोचू लागला. गुलनाज रोज दोनदा यायची आणि ते रोज दोनदा परसात जाऊन उभे राहायचे, काही काम नसताना. तिच्या घरातून सहा वाजता ऐकू येणारा क्लासच्या बाईंचा आवाज बंद झाला होता. सरवरीभाभींनी सुनेचा फोन पेटीत घालून कुलूप लावलं होतं. या फोनपायी घराचं नाव नळावर गेलं, असं त्या म्हणाल्या होत्या. थेंब टाकायला जाऊ दिलं, कारण आजारी माणसाच्या सेवेला त्या नाही म्हणणाऱ्या नव्हत्या. परीक्षेला तीन आठवडे राहिले होते.

हे सगळं कचरूभाऊंना सिंधूताईंकडून कळलं. सिंधूताईंना गुलनाजने सांगितलं नव्हतं, तिच्या थेंब टाकणाऱ्या हातावरून त्यांनी ओळखलं होतं आणि बाकीचं भिंतीपलीकडचं सरवरीभाभींचं बोलणं कानावर आलं होतं.

पाचव्या दिवशी दुपारी सिंधूताई म्हणाल्या, "तुमी तं लाईन चालणारे. हे लाईन काऊन नाही चालली?"

कचरूभाऊ उठले. खरंच ते चालले नव्हते. दहा दिवस त्यांनी खुर्चीत बसून डायरी भरली होती. त्यांनी मोबाईल हातात घेतला, वायफायच्या रेषांवर नजर ठेवली आणि बैठकीतल्या खोक्यापासून निघाले. बैठकीत रेषा पूर्ण. मधल्या खोलीची पत्र्याची फळी लोटून आत शिरले, रेषा पूर्ण. फळी मागे आपोआप लागली आणि रेषा एकदम दोन उतरल्या. त्यांनी फळी पुन्हा उघडली. रेषा वर. लोटली, खाली. कापसाच्या ढिगाशेजारी उभं राहून त्यांनी ती फळी सात-आठ वेळा उघडझाप केली. मग दुसरी फळी ओलांडून स्वयंपाकघरात गेले. एकच रेषा, तीही येऊन जाऊन. सिंधूताईंच्या खोलीत काहीच नाही.

त्यांनी शिडी आणली आणि दोन्ही भिंतींवरचा एकेक पत्रा, त्यांनीच ठोकलेला, रबरासकट काढला. ते शिडीवर असतानाच मागच्या खोलीतून जिल्ह्याच्या बातम्या ऐकू येऊ लागल्या.

ते शिडीवरून लवकर उतरले नाहीत. एकेक गोष्ट त्यांच्या ध्यानात येत होती. स्पीकर बिघडले ते गुलनाजला पासवर्ड दिल्यापासून नाही, पत्रे ठोकल्यापासून. स्वयंपाकघरातला मधूनच चालायचा तो फळ्या उघड्या राहायच्या तेव्हा. आणि डायरीतल्या संध्याकाळच्या वेळा? रात्री खाजेने झोप नसायची, म्हणून दिवसा सिंधूताई झोपायच्या. दिवसा स्पीकर कोणी लावलाच नाही, मग तो बंद पडल्याची नोंद कुठून येणार. इतकी नीट डायरी आणि तिच्यात अर्धा दिवस कोराच. आपल्याच हाताने त्यांनी लाईन तोडली होती आणि नाव दुसऱ्याचं घेतलं होतं.

संध्याकाळी त्यांनी नवा पासवर्ड कागदावर लिहिला. गुलनाज थेंब टाकून निघाली तेव्हा ते पहिल्यांदा दारात उभे राहिले आणि कागद पुढे केला. फॉल्ट सापडला, पत्र्याचा होता, तू आपला क्लास सुरू कर, एवढं ते जमिनीकडे पाहत बोलले.

गुलनाजने कागद घेतला नाही.

"चाचा, नाव नळावर घेतलं. कागद घरात देता?" ती हळू आवाजात म्हणाली. "मले पासवर्डचं काम नाही. माह्या सासूले कोण सांगन?"

ती गेली. सिंधूताईंनी आतून सगळं ऐकलं होतं. नवरा बाजेवर येऊन बसल्याची चाहूल लागल्यावर त्या बोलल्या. "तुमाले आठोते का, तुमी शाळेत होते तवा मास्तरानं त्याच्या घड्याळीची चोरी भर वर्गात तुमच्या नावावर घातली होती. घड्याळ त्याच्याच घरी सापडली. मंग तो तुमच्या घरी आला, गूळ देऊन गेला. वर्गात नाही बोलला." कचरूभाऊंनी मान हलवली, मग बायकोला दिसत नाही हे आठवून हाव म्हणाले. ती गोष्ट त्यांनी आयुष्यात फक्त एकदा, लग्नाच्या पहिल्या वर्षी सांगितली होती.

नळ यायला अजून तीन दिवस होते. ते तीन दिवस त्यांनी डायरीत वाक्यं लिहिली आणि खोडली. पहिल्यांदा लिहिलं त्यात पत्र्याची माहिती फार होती. दुसऱ्यांदा लिहिलं त्यात चौतीस वर्षांच्या नोकरीचा उल्लेख आला, तोही खोडला. शेवटी तीन ओळी उरल्या.

नळाच्या सकाळी ते मध्ये जाऊन उभे राहिले. डायरी खिशात होती, काढली नाही. सरवरीभाभी ड्रमपाशी होत्या, गुलनाज आली नव्हती.

"मागच्या नळाले मी गुलनाजचं नाव घेतलं," ते म्हणाले. आवाज तेवढाच मोठा लावायचा असं ठरवलं होतं, पण तो तेवढा लागला नाही. "ते खोटं होतं. तिनं पासवर्ड कोणाले देल्ला नाही. माह्याच पत्र्यानं लाईन तुटली होती, अन् तिचा हात नाही हे मले त्याच दिवशी संध्याकाळी समजलं होतं. मी चुप राह्यलो."

बायकांनी हंडे खाली ठेवले. कोणी हसलं नाही. ते हसले असते तर बरं, असं कचरूभाऊंना वाटलं. मग भाऊरावच म्हणाले, "म्हंजे आकडा तुमच्याच घरी निंघाला म्हना." कचरूभाऊ त्यांच्याकडे वळले. "तुमालेबी मी हाव म्हटलं होतं, भाऊराव. तेबी खोटं." भाऊराव नळाखालची बादली विनाकारण सरकवू लागले.

सरवरीभाभी पाईप धरून उभ्या होत्या. त्यांनी ड्रम पूर्ण भरू दिला, पाईप दुसऱ्या भांड्यात टाकला, पदराने हात पुसले आणि मग बोलल्या.

"कचरूभाऊ, पोरीचा फोन मी आज काढून देईन. ते क्लासले बसन. आठ दिवस गेले ते गेले."

"हाव, भाभी."

"पन मागच्या टायमाले नळ दोन तास होता. सगळी गल्ली होती. आज अर्ध्या बाया आल्याच नाहीत, वेचणीले गेल्या." त्यांनी गल्लीच्या खालच्या टोकाकडे पाहिलं, तिथली दारं बंद होती. "त्यायच्या तोंडी अजून तेच हाय. पुढच्या नळाले पुन्हा सांगजा."

कचरूभाऊंनी खालच्या टोकाकडे पाहिलं. बंद दारं मोजली नाहीत, पण कोणाकोणाची ते त्यांना पाठ होतं.

"सांगतो," ते म्हणाले.

आठ दिवसांनी नळ उशिरा, दहा वाजता आला. ऊन तापलं होतं. खालच्या टोकाच्या सगळ्या बाया आल्या होत्या. कचरूभाऊ त्याच तीन ओळी पुन्हा सांगायला सकाळी सहापासून सरवरीभाभींच्या ओट्यासमोर उभे होते.